आईल ऑफ मॅनच्या धुक्यातल्या गोष्टी: कधी जायचं, कुठे थांबायचं आणि कुठला शब्द तोंडातून काढायचा नाही

आईल ऑफ मॅनच्या लोककथा नुसत्या वाचायच्या म्हटल्या तर एक वीकेंड पुरतो. काळा कुत्रा, चर्चचं छप्पर उडवणारा बगेन नावाचा राक्षस, पुलाजवळचे छोटे लोक, बोलणारं मुंगूस, सगळं एका बैठकीत वाचून होतं आणि आठवड्याभरात डोक्यात एकमेकांत कालवलं जातं, कुठली गोष्ट कुठली तेच आठवेनासं होतं. मला हे समजायला वेळ लागला की या बेटावरची प्रत्येक गोष्ट कुठल्यातरी एका जागेला नाहीतर एका तारखेला घट्ट बांधलेली आहे, आणि त्या जागी, त्या दिवशी लोक अजूनही काहीतरी छोटंसं करतात. पुलावरून जाताना हाय म्हणतात, दाराच्या वर काटक्यांचा क्रॉस लावतात, एक शब्द उच्चारायचा टाळतात. ते छोटंसं काहीतरी हाताने किंवा तोंडाने केलं ना, की गोष्ट आपोआप लक्षात राहते आणि पटतेसुद्धा. तिकडे जायचं असेल किंवा घरबसल्या नीट समजून घ्यायचं असेल तर सुरुवात कुठून करायची ते खाली सांगतेय.

ज्यांना बेट नेमकं कुठे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लंड आणि आयर्लंडच्या मध्ये, आयरिश समुद्रात, ५७२ चौरस किलोमीटर, वस्ती ८४ हजारांच्या आसपास. युनायटेड किंग्डमचा भाग नाही, ब्रिटिश राजघराण्याच्या छत्राखाली आहे पण पार्लमेंट स्वतःची (टिनवॉल्ड), नोटा स्वतःच्या, आणि मँक्स नावाची भाषाही स्वतःची, आयरिशची चुलत बहीण म्हणा. नोटांचं एक लक्षात ठेवा, मँक्स पौंड आणि ब्रिटिश पौंडाची किंमत सारखीच, पण उरलेल्या मँक्स नोटा इंग्लंडात कुणी सहसा घेत नाही, त्यामुळे निघायच्या आधी बदलून घ्या.

धुक्यापासून सुरुवात करा

बेटाचा पहिला राजा मॅनानन, समुद्राचा देव. शत्रूची गलबतं दिसली की तो आपला झगा बेटावर पांघरायचा आणि बेट दिसेनासं व्हायचं, खलाशी समोरून निघून जायचे आणि त्यांना पत्ताच नसायचा. सोळाव्या शतकातलं एक मँक्स कवन आहे त्यात हे सगळं येतं, शिवाय तो एका माणसाची शंभर माणसं भासवायचा असंही येतं, आणि सगळ्यात सुंदर भाग म्हणजे त्याचं भाडं. हा राजा जमिनीचं भाडं काय घ्यायचा, तर वर्षातून एकदा, मिडसमरच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी, लव्हाळ्याचा एक भारा. लोक तो उचलून बारूलच्या डोंगरावर न्यायचे.

धुकं पडायचं कारण अर्थात समुद्रात आहे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला हवा गरम व्हायला लागते पण समुद्र अजून हिवाळ्याचाच थंड असतो, ओली उबदार हवा त्या थंड पाण्यावरून सरकली की धुकं तयार होतं आणि वाऱ्याबरोबर बेटावर चढतं. डोंगरांवर तर ढगच खाली उतरून बसतात, स्नेफेल हा सगळ्यात उंच डोंगर ६२१ मीटरचा आहे आणि कित्येकदा त्याचा माथा दुपारपर्यंत दिसतच नाही. पण तिथले लोक विमान रद्द झालं तरी म्हणतात मॅनाननचा झगा आला, आणि ते चेष्टेत म्हणत नाहीत. तुम्हीही तसंच म्हणा. आणि प्लॅन करताना पुढेमागे एक दिवस मोकळा ठेवा, कारण रोनाल्ड्सवे विमानतळ धुक्यात अडकणं ही नेहमीची गोष्ट आहे.

साउथ बारूल चढायचा असेल (४८३ मीटर, माथ्यावर जुन्या गढीची तटबंदी आणि गोल घरांचे अवशेष आहेत) तर स्वच्छ दिवस बघून जा. मी अर्ध्या वाटेत असताना धुकं आलं. आधी समुद्र गेला, मग खालचे बांध गेले, मग दहा पावलांवरची मेंढी गेली आणि फक्त तिचं गवत ओरबाडणं ऐकू येत राहिलं. तेव्हा मी तिथेच बसले आणि जरा निवळल्यावर पायवाटेने खाली आले, माथा राहिला. तुमच्यावर अशी वेळ आली तर वाट सोडून शॉर्टकट अजिबात मारू नका, गोष्टीतल्या राजाला झगा असतो, आपल्याला नसतो.

तारीख आधी, तिकीट नंतर

बहुतेक लोक आधी सुट्टी बघतात आणि मग तिथे काय आहे ते शोधतात. हे उलटं करा. वर्षातले चार दिवस असे आहेत की त्यातला एक जरी मिळाला तरी ट्रिप सार्थकी लागते.

५ जुलै, टिनवॉल्ड डे. सेंट जॉन्स गावात पायऱ्यापायऱ्यांची एक गवताळ टेकडी आहे, तिथे पार्लमेंट उघड्यावर भरते आणि वर्षभरात झालेल्या कायद्यांचा सारांश मँक्स आणि इंग्लिश दोन्ही भाषांत वाचून दाखवतात. १९७९ मध्ये त्यांनी या परंपरेची हजार वर्षं साजरी केली. पण तुम्ही टेकडीकडे बघायच्या आधी पायाखाली बघा. चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर लव्हाळा पसरलेला असतो. जुन्या कॅलेंडरचा मिडसमर डे म्हणजेच आताचा ५ जुलै, आणि लव्हाळा म्हणजे मॅनाननचं भाडं! कायदे वाचणारे, वकील, बिशप, सगळे त्या भाड्यावरून चालत जातात, मला तर ते बघताना अंगावर काटा आला. त्या दिवशी बऱ्याच जणांच्या कोटावर एक करडट हिरवी डहाळी खोचलेली दिसेल, ती बॉलन बेन, म्हणजे मगवर्ट नावाची वनस्पती, वाईट नजरेपासून राखण म्हणून. ५ जुलै शनिवार-रविवारी आला तर सोहळा सोमवारी होतो हे लक्षात असू द्या.

३१ ऑक्टोबर, हॉप टू ने. याला हॅलोवीन म्हणू नका, तिथली मंडळी लगेच सुधारतात, आणि बरोबरच आहे त्यांचं. हा उन्हाळा संपून हिवाळा सुरू व्हायचा जुना सण, बेटावर जुन्या काळी वर्षच इथून बदलायचं असं मानतात. मुलं कोरलेले टर्निप घेऊन दारोदार गाणं म्हणत फिरतात, गाण्यात जिनी नावाची चेटकीण येते. ही जिनी म्हणजे १७१५-१६ च्या सुमारास चेटुकाच्या आरोपावरून जिच्यावर खटला चालला ती जोनी लाउनी असं मानलं जातं. गाण्याचे शब्द गावागणिक बदलतात, डग्लसचे वेगळे, पीलचे वेगळे, आणि कुठले खरे यावर दोन्हीकडचे लोक मनापासून भांडतात. त्यात तुम्ही पडू नका, दोन्ही ऐका.

२६ डिसेंबर, हंट द रेन. रेन म्हणजे इवलासा तपकिरी पक्षी, शेपटी वर करून बसणारा. गोष्ट अशी की टेही टेगी नावाची एक मोहिनी बेटावर आली, सगळे पुरुष कामधंदा सोडून तिच्या मागे लागले आणि तिने त्यांना पाण्यात नेऊन बुडवलं. मग तिला पकडायला गेले तर ती रेन होऊन उडाली, आणि वर्षातून एकदा तिला त्याच रूपात परत यावं लागतं. पूर्वी त्या दिवशी खरंच पक्षी मारायचे, काठीला बांधून घरोघर फिरवायचे आणि पैसे देणाऱ्याला एकेक पीस द्यायचे. पीस जवळ असलं की वर्षभर बोट बुडत नाही असा कोळ्यांचा विश्वास, त्यामुळे हेरिंग मासे पकडायला जाणारी बोट त्या पिसाशिवाय निघायला राजी नसायची. संध्याकाळपर्यंत पक्ष्याच्या अंगावर पीसच उरायचं नाही. आता कुणी पक्षी मारत नाही, आयव्हीची पानं आणि रिबिनी लावलेली एक काठी मधे असते आणि तिच्याभोवती गोल करून नाचतात. डग्लस, रॅम्झी, पोर्ट सेंट मेरी अशा ठिकाणी सकाळी सकाळी सुरू होतं. नाच अगदी सोपा आहे, बाजूला उभं राहून शूट करत बसू नका, कुणीतरी हात पुढे करेल तो धरा.

आणि ३० एप्रिलची संध्याकाळ, मे महिन्याच्या आदली रात्र. त्याबद्दल पुढे सविस्तर, कारण माझा सगळ्यात आवडता दिवस तोच.

मे अखेर ते जूनची सुरुवात मात्र टाळा. तेव्हा टीटी नावाची मोटरसायकल रेस असते, १९०७ पासून चालू आहे, हॉटेलं वर्षभर आधी भरतात आणि रस्ते तासन्‌तास बंद असतात. रेस बघायची असेल तर जरूर जा, पण शांतपणे गोष्टी ऐकायला तो काळ नाही.

तोंडातले शब्द

पहिला नियम, उंदराच्या मोठ्या भावाचं इंग्लिश नाव घ्यायचं नाही. तीन अक्षरी शब्द आहे, तुम्हाला कळलंच. तिकडे त्याला लाँगटेल म्हणतात, लांबशेप्या. मूळ बोटीवरचं आहे हे. समुद्रावर असताना कित्येक गोष्टींची खरी नावं घ्यायची नाहीत असा खलाशांचा दंडक होता, त्यातला हा एक शब्द किनाऱ्यावर उतरला आणि सगळ्या बेटाचा झाला. आता दुकानदार, शाळेतली मुलं, सगळे लाँगटेलच म्हणतात. चुकून तुमच्या तोंडून निघालाच तर सॉरी म्हणा आणि पुढे चला.

दुसरा नियम, छोट्या लोकांना फेअरी म्हणायचं नाही. जुनी माणसं त्यांना नुसतं ‘ते स्वतः’ अशा अर्थाचं इंग्लिश बोलतात, देमसेल्व्ह्ज, किंवा मँक्समध्ये मुंजर वेगा, म्हणजे लहान मंडळी. नाव न घेता बोलायचं, आदराने. गंमत अशी की सगळ्यात प्रसिद्ध जागेचं नावच फेअरी ब्रिज आहे, डग्लस ते कॅसलटाऊन रस्त्यावर, इतका छोटा पूल की गाडीतून जाताना दोन सेकंदांत मागे पडतो. तिथून जाताना त्यांना नमस्कार केलाच पाहिजे. मोठ्याने ओरडायची गरज नाही, हळू आवाजात पुरतं. मँक्समध्ये म्हणायचं तर ‘ले माय’, म्हणजे शुभ दिवस, सकाळी ‘मॉरा माय’, दुपारनंतर ‘फास्टर माय’. मोटरसायकल रेसवालेसुद्धा तिथे जाऊन सलाम करून येतात, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वर गाडी मारणारा माणूस नशिबाशी उगाच पंगा घेत नसतो.

पुलाजवळच्या झाडांवर लोकांनी चिठ्ठ्या, फोटो, रिबिनी, काय काय बांधून ठेवलेलं असतं. माझं मत विचाराल तर यात भर घालू नका, प्लास्टिक तर मुळीच नको. पावसात भिजलेला कचरा ही काही भेट नाही, आणि जुन्या कुठल्याच गोष्टीत त्यांना असलं काही दिल्याचं मी वाचलेलं नाही. त्यांना काय द्यायचे ते शेवटी सांगते.

आणखी एक, केवेग गावाजवळ पायवाटेवर दगडी कमानीचा एक जुना पूल आहे, झाडीत लपलेला, शेवाळलेला. लोककथांचा अभ्यास करणारे कित्येक जण म्हणतात खरा पूल तो. वाट चिखलाची आहे, बूट चांगले घाला, कुणाशी तरी विचारून जा. मोठ्या रस्त्यावरच्या पुलापेक्षा मला तोच मनात राहिला, कारण तिथे पाण्याशिवाय कसलाही आवाज नसतो.

तीन जागा, घाई न करता

पहिली पीलचा किल्ला. गावाच्या तोंडाशी एक बेटुकलं आहे, आता बांध घालून जोडलेलं, त्यावर तांबूस दगडाच्या भिंती. इथे मॉदा दू म्हणजे काळा कुत्रा यायचा. सतराव्या शतकात, इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात, पहारेकऱ्यांच्या खोलीत दिवेलागण झाली की तो यायचा, शेकोटीपुढे पडून राहायचा आणि उजाडायला लागलं की उठून एका बोळातून निघून जायचा. सैनिकांना सवय झाली होती, पण त्याच्यासमोर कुणी शिवी देत नसे आणि रात्री किल्ल्याच्या चाव्या कॅप्टनकडे पोचवायला त्या बोळातून एकटं कुणी जात नसे. एका रात्री एक जण प्यायला आणि पाळी नसताना चाव्या घेऊन एकटाच गेला. परत आला तेव्हा वाचा बसलेली. तिसऱ्या दिवशी मेला, एक शब्द न बोलता. त्यानंतर तो बोळ बुजवला आणि कुत्रा पुन्हा दिसला नाही.

आता इथे एक सवय लावून घ्या, प्रत्येक गोष्टीला विचारायचं, तू पहिल्यांदा कधी लिहिली गेलीस? ही गोष्ट जॉर्ज वॉल्ड्रन नावाच्या इंग्लिश सरकारी माणसाने लिहून ठेवली, त्याचं लिखाण १७३१ मध्ये छापून आलं. त्यात कुत्रा कसा आहे माहितीये? कुरळ्या झुपकेदार केसांचा मोठा काळा स्पॅनियल. पुढे १८२३ मध्ये वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाने कादंबरीत घेतला तेव्हा त्याचा मॅस्टिफ, म्हणजे दांडगा राखणीचा कुत्रा झाला, आणि आजच्या टी-शर्टवर लाल डोळ्यांचं रानटी काहीतरी असतं. मला जुनाच जास्त भीतीदायक वाटतो. शेकोटीपुढे निवांत झोपलेला कुरळा कुत्रा, आणि सगळे दबक्या आवाजात बोलताहेत. किल्ल्यात गेलात की प्रवेशद्वाराजवळ पाच मिनिटं गप्प उभे राहा आणि ते डोळ्यासमोर आणा.

दुसरी जागा सेंट ट्रिनियन्स, डग्लस ते पील रस्त्यावर क्रॉस्बीच्या पुढे, ग्रीबा डोंगराच्या पायथ्याशी, शेतात उभं असलेलं बिनछपराचं छोटं चर्च. डोंगरातल्या बगेनला घंटेचा आवाज सहन व्हायचा नाही, म्हणून छप्पर घातलं की तो येऊन उडवायचा. तिसऱ्यांदा छप्पर घातलं तेव्हा टिमथी नावाच्या शिंप्याने पैज लावली की पहिल्या रात्री मी आत बसून एक विजार शिवून दाखवतो. बसला मेणबत्त्या लावून. मध्यरात्री जमीन फुटली आणि केसाळ डोकं वर आलं. बगेन म्हणतो, माझं एवढं मोठं डोकं दिसतंय का, माझे दात दिसताहेत का? शिंपी मान वर न करता म्हणतो, दिसतंय, दिसतंय, आणि टाके घालत राहतो. बगेन खांद्यापर्यंत वर, कमरेपर्यंत वर, आणि शिंप्याचा दोरा चाललाय भराभर. शेवटचा टाका मारला, दोरा तोडला आणि खिडकीतून उडी, तेवढ्यात मागे छप्पर कोसळलं. शिंपी धावत मराऊनच्या चर्चच्या आवारात घुसला, पवित्र जागा, बगेनला आत येता येईना, तर त्याने रागाने स्वतःचंच डोकं उपटून शिंप्यावर फेकलं. छप्पर मात्र कधी परत घातलं गेलं नाही. तुम्ही भिंतींच्या मधे उभे राहिलात की वर आभाळ दिसतं, नाहीतर धुकं. गोष्टीचा पुरावा डोक्यावर उघडाच आहे, यापेक्षा काय हवं! तिथे जाताना शेतातून जावं लागतं, गेट उघडलंत तर मागे लावून घ्या.

तिसरी जागा अशी एक नाही, डोंगरउतारावरची कुठलीही मेंढरं चरणारी कुरणं. तिथे लॉख्टन जातीच्या मेंढ्या दिसतील, चॉकलेटी रंगाच्या, काहींना चक्क चार शिंगं. त्या दिसल्या की फिनॉदरीची गोष्ट आठवा. हा केसाळ, प्रचंड ताकदीचा, शेतकऱ्यांची रात्रीतून कामं उरकून देणारा प्राणी. एकदा वादळाच्या आधी त्याने डोंगरावरची सगळी मेंढरं वाड्यात आणून कोंडली आणि मालकाला म्हणाला, बाकी ठीक, पण त्या छोट्या तपकिरी लॉख्टनने मला फार पळवलं, तीनदा डोंगराला वळसा घातला. मालक बघतो तर मेंढरांच्या मधे एक ससा. आणि हा फिनॉदरी गेला कसा, तर कुणीतरी दया येऊन त्याच्यासाठी कपडे ठेवले. त्याने एकेक कपडा उचलला, प्रत्येकाबरोबर हाय हाय केलं, टोपी डोक्याला वाईट, कोट पाठीला वाईट, आणि रडत रडत निघून गेला तो कायमचा. पाण्यातला बैल, वादळाआधी शिंग फुंकून सावध करणारा रात्रीचा माणूस, असे आणखी बरेच आहेत, पण हे तीन आधी पक्के करा.

हाताने करायच्या गोष्टी

३० एप्रिलचा क्रॉश कीर्न. हा रोवन झाडाच्या दोन काटक्यांचा क्रॉस, दाराच्या आतल्या बाजूला, वरच्या चौकटीवर लावायचा. त्या रात्री छोटी मंडळी आणि चेटकिणी जोरात असतात असं मानायचे, त्यांच्यापासून घर आणि गुरं राखायला. गुरांच्या शेपटीलासुद्धा बांधायचे. महत्त्वाचा नियम, चाकू लावायचा नाही. काटकी हातानेच मोडायची. आणि बांधायला दोरा नाही तर मेंढीची लोकर, तीही विकतची नाही, कुंपणाच्या तारेला किंवा झुडपांना अडकून राहिलेली. एप्रिलअखेर रोवनला पानं नुकती फुटत असतात, पिसासारखी दोन्ही बाजूंनी दातेरी पानं बघून झाड ओळखा, आणि कुणाच्या बागेतलं असेल तर विचारून घ्या. बोटभर जाडीची नको, पेन्सिलपेक्षा बारीकच घ्या, एक थोडी लांब, एक आखूड. लोकर दोन बोटांत चोळून सैल वात करायची, आडवी काटकी धरून तिरकी दोनदा, मग उलट्या तिरक्या बाजूने दोनदा, आणि टोक आत खुपसायचं, गाठ लागत नाही, लोकरीला लोकर धरून राहते. हाताला मेंढीचा तेलकट वास राहतो दिवसभर. क्रॉस वर्षभर तसाच राहू द्यायचा, पुढच्या वर्षी जुना काढून नवा. त्याच संध्याकाळी उंबऱ्यावर पिवळी फुलं टाकायचीही पद्धत होती, ओढ्याकाठची नाहीतर प्रिमरोझ. रानातली भरमसाट तोडू नका, चार पुरतात.

हॉप टू नेचा टर्निप. मँक्स लोक ज्याला टर्निप म्हणतात तो आपला पांढरा सलगम नव्हे, स्वीड, आतून पिवळसर आणि दगडासारखा. भोपळ्याच्या हिशोबाने सुरी चालवाल तर बोट कापेल. वरची चकती कापा, मग मजबूत चमच्याने खरवडत जा, अर्ध्या तासाच्या खाली होत नाही, भिंत बोटाएवढी जाड ठेवा, डोळे तोंड छोटंच कोरा, दोन भोकं पाडून दोरी ओवा, आत बुटकी मेणबत्ती. पेटवल्यावर चकती जळायला लागते आणि एक गोडसर करपट वास येतो. ज्या मँक्स माणसाला विचाराल तो सांगेल की त्याच्यासाठी ऑक्टोबरचा वास हाच.

त्याच रात्रीचा अजून एक प्रकार होता, सॉडग व्हालू, मुकी भाकरी म्हणता येईल. मुलींनी पीठ, मीठ, अंडं आणि चक्क काजळी घालून निखाऱ्यांवर भाजायची, एक शब्द न बोलता, न बोलताच खायची आणि उलट्या पावलांनी बिछान्याकडे जायचं, मग होणारा नवरा स्वप्नात येतो. आणि झोपायच्या आधी चुलीची राख सारखी करून ठेवायची. सकाळी त्यात पावलाचा ठसा दाराकडे तोंड करून असेल तर घरातलं कुणी जाणार, उलटा असेल तर कुणी येणार. काजळी खायचा सल्ला मी देत नाही, पण राखेचा विचार रात्री एकटं असताना करून बघा.

जुनं किती, नवं किती

कुत्र्याच्या बाबतीत जो प्रश्न विचारला तो सगळीकडे विचारा, त्याने गोष्टीची किंमत कमी होत नाही. १९३१ चं मुंगूस घ्या. डॉल्बीजवळच्या एकाकी शेतघरात लाकडी फळ्यांच्या मागून आवाज यायला लागले, मग आवाज बोलायला लागला, म्हणाला मी जेफ, मुंगूस, जन्म नवी दिल्ली, ७ जून १८५२. वर्तमानपत्रवाले धावले, १९३५ मध्ये भुतांचा तपास करणारा हॅरी प्राइस स्वतः येऊन गेला, जेफचे म्हणून दिलेले केस तपासले तर ते कुत्र्याचे निघाले. आपल्याला तर केसांचीही गरज नाही, नवी दिल्लीची पायाभरणीच १९११ ची, १८५२ मध्ये तिथे कुठलं मुंगूस जन्मणार! तरी मी ही गोष्ट टाकून देत नाही. वाऱ्यात उभं असलेलं एकटं घर, लांबच लांब हिवाळा, एक लहान मुलगी आणि भिंतीतला आवाज, या बेटावर घरात दुसरं कुणीतरी राहतं ही कल्पना किती जुनी आहे ते यातून कळतं. ते घर आता उरलेलं नाही, जागा शोधत खासगी शेतांमधून भटकू नका.

जुनं ऐकायचं असेल तर आवाज ऐका. १९४८ मध्ये आयरिश फोकलोर कमिशनने बेटावर येऊन मँक्स बोलणाऱ्या शेवटच्या म्हाताऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग केलं, त्यातला नेड मॅड्रल १९७४ पर्यंत जगला, मातृभाषा म्हणून मँक्स बोलणारा तो शेवटचा मानतात. २००९ मध्ये युनेस्कोने भाषा मृत झाली असं जाहीर केलं तेव्हा सेंट जॉन्सच्या मँक्स शाळेतल्या मुलांनी मँक्समध्येच पत्रं लिहिली, की आमची भाषा मेली तर हे आम्ही कुठल्या भाषेत लिहितोय? युनेस्कोला दुरुस्ती करावी लागली. ही रेकॉर्डिंग ऑनलाइन ऐकायला मिळतात, जायच्या आधी थोडी ऐका, शब्द कळले नाहीत तरी कानाला चाल बसते.

आणि तिथल्या माणसांशी बोलताना एक करा, ‘तुम्ही परीबिरी मानता का’ हा प्रश्न विचारूच नका, लोक हसून विषय बदलतात. त्याऐवजी विचारा, तुमची आजी झोपायच्या आधी काय करायची? आणि थांबा, घाई नको, तिकडे एक शब्दप्रयोगच आहे, ट्रे डी लूअर, वेळ आहे की भरपूर. जिथे मी राहिले होते त्या घरच्या आजींना मी हाच प्रश्न विचारला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत, चहाचा कप धुवून ठेवला, मग म्हणाल्या की त्यांची आजी रोज रात्री स्वयंपाकघरात स्वच्छ पाण्याचं भांडं भरून ठेवायची, त्यांच्यासाठी, बाहेरून दमून येतात ना. आणि शेकोटी पूर्ण विझवायची नाही, थोडी धग ठेवायची. बस एवढंच द्यायचं असतं त्यांना. मी विचारलं तुम्ही ठेवता का? त्यांनी ओट्याकडे हात केला. नळाशेजारी एक निळी किनार असलेला वाडगा होता, काठोकाठ भरलेला, तीन दिवस मी तो बघत होते आणि मला वाटत होतं मांजरासाठी असेल. त्यांच्याकडे मांजर नव्हतं.